प्रॅम, बाबागाडी आणि पांगुळगाडा

तान्ह्या मुलाला बसवून किंवा निजवून जी गाडी ढकलत नेतात, तिला आपण बाबागाडी म्हणतो. इंग्रजीत तिला प्रॅम म्हणतात. शब्द एवढासा, पण त्याच्या पोटात गावशिवेचा आणि रस्तेमोजणीचा इतिहास आहे.

प्रॅम हे ‘पेरॅम्ब्युलेटर’ या लांबलचक शब्दाचं घरगुती रूप. मूळ लॅटिन. त्यातल्या ‘अँब्युलारे’चा अर्थ चालणे. म्हणजे पेरॅम्ब्युलेटर हा मुळात माणूस, पायी हिंडणारा माणूस! इंग्लंडात पूर्वी गावकरी पाद्रीबाबांबरोबर शिवेवरून फेरी काढीत आणि हद्दीचे दगड, झाडं पोराबाळांना दाखवून ठेवीत. नकाशे दुर्मिळ होते. हद्द पायांनीच ध्यानात ठेवायची. या फेरीचं नावही याच धातूतून निघालेलं.

पुढे शब्द माणसावरून यंत्रावर गेला. लांब दांड्याचं एक चाक ढकलत मोजणीदार चालायचा आणि तबकडीवर अंतर उमटायचं. अशा चाकाचा घेर पुष्कळदा सव्वाआठ फूट असे. मैलाचे फूट ५,२८०. तेव्हा किती फेऱ्यांत मैल होईल? गुरुजींनी वर्गात हा हिशेब जरूर घालावा. उत्तर येतं ६४०. कंपनी सरकारच्या अमदानीत हिंदुस्थानातले रस्तेही अशा चाकांनी मोजले गेले.

आणि मुलांची गाडी? १७३३ च्या सुमारास विल्यम केंट याने ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची गाडी केली. ती ओढायला बकरी नाहीतर लहानसं तट्टू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जनावर गेलं आणि माणूस मागून गाडी ढकलू लागला. पुढे चाकं, मागे चालणारा माणूस! जुनं नाव इथेही चिकटलं आणि शतक सरता सरता आखडून ‘प्रॅम’ झालं. चालणाऱ्याचं नाव असं न चालणाऱ्याच्या गाडीला मिळालं.

आता आपल्या घरात पाहू. बाबागाडीचं नाव बसणाऱ्यावरून पडलं. कारण बाबा आपण बापाला म्हणतो, तसं लाडाने लेकरालाही म्हणतो. पण आपल्याकडे आणखी एक गाडी आहे: सुताराने केलेला तीन चाकांचा पांगुळगाडा. यात मूल बसत नाही. दांडी धरून उभं राहतं, गाडा ढकलतं आणि पाऊल टाकायला शिकतं. पांगुळ म्हणजे पायांनी अधू. नाव अधूपणाचं आणि काम पायांवर उभं करण्याचं!

असे शब्द गावठी म्हणून बाजूला सारू नयेत. गाडा माळ्यावर पडला की त्याचं नावही तोंडातून जातं. म्हणून शिक्षकांनी मुलांना सांगावं: घरी आजीला विचारून वस्तूंची जुनी नावं लिहून आणा. मग एकेक नाव घेऊन पाहावं, ते कशावरून पडलं: वापरणाऱ्यावरून, आकारावरून, की कामावरून? इतिहासाचा एक चांगला तास त्यातून सहज होईल.