मद्य आणि त्याचा उपदंश : गोदातीरच्या पुराव्याची छाननी

महाराष्ट्रशासनानें २००१ सालीं द्राक्षमद्याच्या धंद्यासाठीं स्वतंत्र धोरण ठरविल्यापासून नाशिककडील मद्यें सर्वत्र दिसूं लागलीं, व कोणत्या मद्याबरोबर कोणता पदार्थ घ्यावा याची चर्चाही ऐकूं येते. ही चाल केवळ पाश्चात्त्यांची, असें कोणी म्हणतात. आपल्याकडे द्राक्षमद्य सातवाहनकाळापासून होत आलें आहे, असें दुसरे अभिमानानें सांगतात. बीड जिल्हा व त्याचा शेजार डोळ्यांपुढें ठेवून या दोन्ही पक्षांची परीक्षा करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम भक्ष्याविषयीं. मद्याबरोबर खावयाच्या पदार्थास संस्कृतांत ‘उपदंश’ म्हणतात. मराठींत हा शब्द रोगवाचकच उरल्यामुळें कित्येकांस हा अर्थ चमत्कारिक वाटेल. परंतु वात्स्यायनानें आपानकाच्या प्रसंगीं मधु, मैरेय, सुरा व आसव यांच्या जोडीस खारट पदार्थ, फळें, हिरव्या भाज्या, आणि कडू, तिखट व आंबट असे उपदंश सांगितले आहेत. कोशांत याच अर्थीं ‘चक्षण’ हाही शब्द येतो; आपलें ‘चाखणें’ व पिणारांचा ‘चखणा’ यांचें नातें त्याच्याशीं जुळतें. पुढें कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वर चालुक्यानें शके १०५१ (इ. स. ११२९) च्या सुमारास रचलेल्या मानसोल्लासांत राजाच्या वीस क्रीडांमध्यें मदिरापान ही एक क्रीडा गणिली आहे. या चालुक्यांची सत्ता बीडच्या मुलखावर होती. तेव्हां पहिला पक्ष टिकत नाहीं.

दुसऱ्या पक्षाचा भर पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथावर असतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील या ग्रंथांत भडोच बंदरीं उतरणाऱ्या मालांत मद्य आहे. त्यांत इटलीचें विशेष पसंत, शिवाय लाओदिकेइया व अरबस्तान येथीलही. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांवर पैठण व तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेर, असेंही त्यांत आहे. परंतु या दोन नगरांतून काय बाहेर जात असे, एवढेंच ग्रंथकार सांगतो. मद्य तेथवर चढत होतें, असें म्हणत नाहीं. शिवाय पश्चिम भारतांत सांपडलेलीं कित्येक खापरें, जीं पूर्वीं रोमन मद्यकुंभांचीं मानलीं होतीं, तीं इराणी आखाताकडील भांड्यांचीं असल्याचें अलीकडे ठरलें आहे. आणि मद्य बाहेरून आलें असें ठरलें, तरी तें येथें होत होतें असें सिद्ध होत नाहीं.

कौटिल्य तर द्राक्षरसाच्या मद्यास ‘मधु’ म्हणून त्यास कापिशायन व हारहूरक अशीं देशवाचक नांवें देतो. यांतील कपिशा अफगाणिस्तानांतील. दौलताबादेस द्राक्षें व डाळिंबें वर्षांतून दोनदां येतात, असें चौदाव्या शतकांत इब्न बतूतानें लिहिलें आहे. यावरून या टापूंत वेल होता इतकेंच ठरतें. मद्य ठरत नाहीं.

येथें आमची एक चूक सांगणें प्राप्त आहे. तरुणपणीं एका वैद्यघराण्याच्या बाडांत ‘द्राक्षासव’ हा शब्द पाहून आम्ही हर्षानें स्थानिक द्राक्षमद्याचा पुरावा मिळाल्याचें टिपून ठेविलें. पुढें कृति वाचली, तेव्हां धायटीचीं फुलें, पिंपळी, मिरें इत्यादि द्रव्यें दिसलीं. तें औषध होतें. आपानकाशीं त्याचा संबंध नव्हता. शब्द सांपडला म्हणजे वस्तु सांपडली, असें होत नाहीं.

सारांश, मद्यास उपदंश जोडण्याची रीति आपल्याकडे जुनी आहे. बालाघाटांत द्राक्षमद्य होत होतें, हें मात्र असिद्ध आहे. निर्णय लागला तर घरोघरच्या जमाखर्चांतूनच लागेल. अंबाजोगाई, धारूर, पाटोदा या बाजूस ज्यांचा राबता आहे, त्या संग्राहकांस आमची विनंति कीं, मोडी वह्यांतील द्राक्षें, मद्य व कलाल यांच्या नोंदी पुढच्यामागच्या ओळींसह उतरून घ्याव्या. अशा वह्या रद्दीच्या भावानें जात आहेत. गेलेली वही कोणत्याही पक्षाच्या बाजूनें साक्ष देत नाहीं.