पदव्युत्तर संशोधन, सातारा–सांगली परिसरातील

कृष्णेच्या वरच्या खोऱ्यातील या दोन जिल्ह्यांत एम.टेक., एम.फिल. आणि पीएच.डी. या पदव्यांसाठी होत आलेले संशोधन. अंशतः क्रमित संच, पुलाच्या खांबांची धूप, कासच्या सड्यावरील वनस्पती, कोयनेचा भूकंप असा त्याचा पसारा आहे. अशा संशोधनाबद्दल ‘जिल्ह्याला याचा उपयोग काय?’ हा प्रश्न हटकून विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. परंतु विषय गावाजवळचा की लांबचा एवढ्यावरून त्याचे उत्तर काढू गेल्यास फसगत होते. संशोधकाने हाती घेतलेली गृहीतके स्वतः पारखली की उसनी वापरली, यावर प्रबंधाचा कस अधिक लागतो. या कसोटीवर अमूर्त गणित कित्येकदा नदीकाठच्या अभियांत्रिकीहून सरस ठरते.

संस्थांचा इतिहास थोडक्यात असा : सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ चे. धोंडूमामा साठे यांनी सांगलीत सुरू केलेले, पुढे वालचंद हिराचंद यांच्या नावाने ओळखले जाऊ लागलेले अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ चे. त्याच वर्षी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० मध्ये आले. पदवीवरचा शिक्का मात्र आधी मुंबईचा, १९४९ नंतर पुण्याचा आणि १९६२ पासून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा. साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाचे समूह विद्यापीठ मिळाले ते २०२१ मध्ये. त्यामुळे दीर्घकाळ इथला संशोधक म्हणजे बहुधा आठवड्याचे तास सांभाळून अभ्यास करणारा प्राध्यापक, आणि मार्गदर्शक दुसऱ्या गावी. अशा माणसाला प्रयोगशाळेवाचून अडत नाही असे गणित सोयीचे वाटले तर नवल नाही, आणि त्यात कमीपणाही नाही.

अंशतः क्रमित संच म्हणजे ज्यात काही घटकांची आपसांत तुलना होते, पण प्रत्येक जोडीची व्हायलाच हवी अशी सक्ती नसते, असा संच. अटी तीनच. प्रत्येक घटक स्वतःशी तुलनीय असतो, ‘अ’ हा ‘ब’च्या खाली आणि ‘ब’ हा ‘अ’च्या खाली असेल तर दोन्ही एकच, आणि ‘अ’ हा ‘ब’च्या खाली, ‘ब’ हा ‘क’च्या खाली असेल, तर ‘अ’ हा ‘क’च्याही खाली. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीतून चार घटकांवर १६, पाचांवर ६३ आणि सहांवर ३१८ वेगवेगळ्या रचना निघतात. दोन घटकांना नेहमी एक ‘जोड’ आणि एक ‘छेद’ मिळत असेल तर त्या रचनेला जालक म्हणतात. १९६८ मध्ये वार्ले यांनी शून्य-वितरणशील जालकांची कल्पना मांडली : ‘अ’चा ‘ब’शी छेद शून्य आणि ‘क’शीही शून्य असेल, तर ‘ब’ आणि ‘क’ यांच्या जोडीशीही तो शून्यच असावा. शिवाजी विद्यापीठातील वाय. एस. पवार यांनी पुढे जळगावच्या विद्यापीठाचे कुलगुरू झालेले एन. के. ठाकरे यांच्यासह १९७७ मध्ये जालकांच्या एका वर्गावर निबंध प्रसिद्ध केला. १९८९ मध्ये पवार आणि ढमके यांनी शून्य-वितरणशीलतेची कल्पना अंशतः क्रमित संचांवर नेली. तिथे खरी अडचण उभी राहते, कारण अशा संचात ‘ब’ आणि ‘क’ यांची जोड अस्तित्वात असेलच असे नाही. ज्या वस्तूवर व्याख्या उभी होती तीच काढून घेतली, तर व्याख्येतले काय उरते आणि काय कोसळते हे तपासावे लागते. कोल्हापूरच्या परंपरेचे वैशिष्ट्य या तपासण्यात आहे.

पुलाच्या धुपेचा विषय याच्या अगदी उलट, दारातला. पुराचे पाणी खांबावर आदळले की त्याचा काही भाग खांबाच्या तोंडालगत खाली वळतो, तळाशी घोड्याच्या नालेसारखा भोवरा तयार होतो आणि तो खांबाला दोन्ही बाजूंनी कवेत घेऊन माती, वाळू उकरत राहतो. अरुंद खांबाजवळचा खड्डा खांबाच्या रुंदीच्या सव्वादोन ते अडीच पटींपर्यंत खोल जाऊ शकतो. वाईट भाग असा की पूर ओसरताना गाळ बसून तो पुन्हा भरून येतो. पाहणीला आलेल्या अभियंत्याला पात्र सपाट दिसते आणि पाया किती उघडा पडला होता याचा मागमूस राहत नाही. यावर दगडांचे पिचिंग, तारेच्या जाळीतले दगड, खांबाभोवती कॉलर असे उपाय असतात. महाविद्यालयाच्या काचेच्या चॅनेलमध्ये वाळू पसरून, नळीएवढा खांब रोवून कॉलरची उंची आणि रुंदी बदलत जाणे, हा एम.टेक.च्या प्रबंधाला साजेसा प्रयोग आहे.

उसनेपणा सुरू होतो तो यानंतर. धुपेची खोली काढण्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची संहिता लेसी यांच्या सूत्राचा आधार घेते आणि खांबाशी त्या खोलीची दुप्पट, काठच्या अबटमेंटशी १.२७ पट धरायला सांगते. लेसी यांनी १९३० च्या सुमारास हे नाते उत्तर हिंदुस्थानातील गाळवाही कालव्यांच्या मोजमापांवरून बांधले होते. खडकवासल्याच्या जलसंशोधन शाळेत काम केलेल्या क्लॉड इंग्लिस यांनी १९४९ मध्ये खांबांसाठी वेगळी सूत्रे दिली, तीही प्रामुख्याने वाळूच्याच नद्यांची. कृष्णेचे पात्र मात्र कुठे उघडा बेसाल्ट, कुठे मुरूम, कुठे गोटे, आणि काठाला चिकण काळी माती. चिकणमाती कणांच्या आकारमानाने वाहत नाही, तिच्या चिकटपणाने रोखली जाते. बेसाल्ट सांध्यांतून ठोकळ्या-ठोकळ्यांनी सुटतो. सूत्रातून वाळू काढून घेतली तर काय उरते, हा प्रश्न म्हणजे ‘जोड काढून घेतली तर काय उरते’ याचेच नदीवरचे रूप. चॅनेलमध्ये बाजारातली एकसारखी वाळू भरून सूत्राशी पडताळा दाखवणारा प्रबंध तो विचारत नाही. यावर आक्षेप येईल की छोट्या चॅनेलमध्ये कृष्णा मावणार नाही, आणि कण लहान केले तर ते चिकट होऊन प्रयोगच बिघडतो. हे खरे आहे. पण मग पुराच्या ऐन उंचीला खांबाशेजारी खोली मोजणे हे नदीवरच करावे लागेल. लॉर्ड आयर्विन यांच्या नावाचा सांगलीचा पूल १९२९ चा. त्यावरची पातळी ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, आणि २०१९ च्या महापुरात ५७ फुटांवर गेलेली, अशी अख्ख्या जिल्ह्याला पाठ असते. पाणी किती चढले याची नोंद तासागणिक होते; त्याच वेळी पात्रतळ किती उतरला हा आकडा कोणाच्या तोंडी नसतो. महाबळेश्वरातच उगम पावणाऱ्या सावित्रीने २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा १९२८ चा दगडी पूल वाहून नेला, तेव्हा तो वाहतुकीसाठी खुला होता.

दुसरा आक्षेप गणितावर : पूर आणि दुष्काळ आलटून-पालटून सोसणाऱ्या जिल्ह्यांत क्रमित संचांचे काय करायचे? याचे एक उत्तर नदीच देते. ‘अमुक ठिकाण तमुकाच्या वरच्या अंगाला’ हे नाते अंशतः क्रमाचे आहे. धोम आणि कोयना ही धरणे परस्परांशी अतुलनीय. कराडच्या प्रीतिसंगमाच्या खाली दोघांचे पाणी एक होते आणि सांगली दोघांच्याही खाली येते. वेण्णा माहुलीला, वारणा हरिपूरला, पंचगंगा नरसोबाच्या वाडीला मिळते. कोणत्या धरणाचा विसर्ग कुठे पोचेल आणि कुठे पोचणार नाही, हे या आकृतीवरून एका नजरेत कळते. मात्र कृष्णा फुगली की पंचगंगेचे पाणी तुंबते, आणि अलमट्टीच्या फुगवट्याचा सांगलीवर परिणाम होतो की नाही यावर दोन राज्यांत वाद आहे. गणिताच्या भाषेत, ‘कोणाच्या पाण्याने कोणाची पातळी चढते’ हे नाते महापुरात दुहेरी होऊ शकते. मग दुसरी अट मोडते आणि क्रमच उरत नाही. विसर्गाची सगळी गणिते वरून खाली अशी मांडणाऱ्याला आपले गृहीतक नेमके कुठे तुटते ते या व्याख्येने दाखवून दिले. पवार किंवा ढमके यांनी पुराचा विचार करून निबंध लिहिला असे यातून सुचवायचे नाही.

इतर शाखांत जागेने स्वतःच प्रश्न विचारला तिथे काम सर्वांत भक्कम झाले. कासच्या डबक्यांत उगवणारी, इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला तुरा असलेली वायतुरा ही वनस्पती १९८२ मध्ये शास्त्राला नवी म्हणून नोंदली गेली आणि तिच्या शास्त्रीय नावात सातारा आला. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने जलाशयामुळे उद्भवणाऱ्या भूकंपांचा अभ्यास जगभर हलवला. आता कराडला त्यासाठी केंद्रीय प्रयोगशाळा आहे आणि पाटण तालुक्यात गोठण्याला तीन किलोमीटर खोल विवर घेतलेले आहे. सांगलीच्या हळद-बेदाण्यावरही पुष्कळ प्रबंध झाले, त्यांचा दर्जा मात्र एकसारखा नाही.

प्रबंधांची संख्या वाढली ती नोकरी-बढतीच्या नियमांमुळे, हा तिसरा आक्षेप, आणि तो बराचसा खरा आहे. २००९ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी पीएच.डी.आधी शोधनिबंध सक्तीचा केला. २०२२ च्या नियमांनी ती सक्ती काढली आणि एम.फिल. बंद केले. सक्तीने निबंधांचा ढीग वाढला, सक्ती गेल्याने तो आपोआप चांगला होणार नाही. परंतु २००९ नंतर प्रबंध ‘शोधगंगा’वर ठेवणे बंधनकारक झाल्याने एक फरक पडला : पूर्वी ग्रंथालयाच्या कपाटात असलेली गृहीतके आता कोणालाही उघडून पाहता येतात, आणि सांगलीतला विद्यार्थी कराडमधल्या चॅनेलचे आकडे स्वतःच्या आकड्यांशेजारी ठेवू शकतो.