ओल चिकी : शंभर वर्षांची लिपी आणि तिचे बिनपगारी परीक्षक

इ.स. १९२५ मध्ये मयूरभंज संस्थानातील (आजचा ओडिशा) रघुनाथ मुर्मू या विशीतल्या तरुणाने संताली भाषेसाठी ‘ओल चिकी’ ही स्वतंत्र लिपी घडवली. तोवर संताली लिहिली गेली ती रोमन, बंगाली, ओडिया अशा इतरांच्या लिप्यांत. ओल चिकीत अक्षरे तीस. काना, मात्रा, वेलांटी नाही, जोडाक्षरे नाहीत, स्वर व्यंजनाच्या शेजारी स्वतंत्र उभा राहतो. रचनेच्या दृष्टीने ही लिपी यंत्राला देवनागरीपेक्षा सोपी. तरीही संगणकाने तिला दारात घ्यायला आठ दशके लागली.

संताली ही लहान भाषा नव्हे. २०११च्या जनगणनेत तिचे भाषक ७३ लाखांहून अधिक होते. २००३च्या ब्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने ती आठव्या अनुसूचीत आली आणि एप्रिल २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत ओल चिकीला ४८ स्थाने मिळाली. त्यापूर्वीचे फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी ओल चिकीची चित्रे बसवीत. फॉन्ट बदलला की मजकुराचा चोथा होई. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिलेल्यांना हे दुखणे परके नाही.

मात्र संकेतांक मिळाला म्हणजे लिपी वापरात आली असे होत नाही. एक उदाहरण पुरेसे आहे. ओल चिकीत ‘गाहला टुडाग’ हे चिन्ह अक्षरानंतर ओळीच्या तळाशी टिंबासारखे येते आणि स्वराचा उच्चार बदलते. दिसायला ते हुबेहूब इंग्रजी पूर्णविराम. म्हणूनच या लिपीत वाक्य संपवण्यासाठी ‘मुचाड’ हा उभा दंड वापरतात. कळफलकात हे चिन्ह सापडले नाही आणि कोणी पूर्णविराम टंकला, तर डोळ्यांना शब्द बरोबर दिसतो. संगणक मात्र तो मधोमध तोडतो, आणि शोध घेतल्यास तो शब्द सापडत नाही. संताली न वाचणाऱ्या अभियंत्याला हा दोष दिसणेच शक्य नाही. तो पकडायला ती भाषा लिहिणारा माणूसच लागतो.

ही माणसे बहुतांशी स्वयंसेवक होती. ऑगस्ट २०१८ मध्ये ओल चिकीतील संताली विकिपीडिया सुरू झाला. नव्या भाषेचा विकिपीडिया आयता मिळत नाही. आधी चाचणीच्या जागेत सातत्याने लेख लिहावे लागतात, संगणकीय सूचनांचे भाषांतर करावे लागते, अक्षरांऐवजी चौकोन कुठे दिसतात ते तपासावे लागते. हे सारे रोजचा चरितार्थ सांभाळून, विनामोबदला झाले.

प्रश्न येथेच उभा राहतो. सॉफ्टवेअर तपासणे हा उद्योगात रीतसर पगाराचा व्यवसाय आहे. कॅनडातील ‘प्लेटो’ ही कंपनी तेथील आदिवासी तरुणांना चाचणीचे शिक्षण देऊन त्याच कामावर नेमते. बंगळुरूच्या ‘कार्य’ या संस्थेने ग्रामीण भारतीयांकडून भाषिक सामग्री घेताना तिचा मोबदला देण्याची वाट धरली. म्हणजे हे कौशल्य आहे, त्याला मोल आहे. आदिवासी भाषांच्या वाट्याला मात्र ते बहुधा सेवाभावाच्या रूपानेच येते.

२०२५ साली, लिपीच्या शताब्दी वर्षात, केंद्रीय जनजातीय कार्य मंत्रालयाने ‘आदि वाणी’ हे भाषांतराचे अ‍ॅप चाचणी-आवृत्तीत आणले. त्यात संताली, मुंडारी, भिली आणि गोंडी आहेत. पैकी शेवटच्या दोन भाषा नंदुरबार आणि गडचिरोलीतही बोलल्या जातात. अशा अ‍ॅपचे भाषांतर चुकले, हे सांगू शकणारी माणसे त्याच गावांत आहेत. त्यांच्याकडे केवळ वापरकर्ते म्हणून पाहायचे की जाणकार परीक्षक म्हणून त्यांना कामावर घ्यायचे, यावर या साधनांची विश्वासार्हता अवलंबून राहील.