वसतिगृहातील ऐकणारे कान

मुंबईच्या उपनगरांतील ख्रिस्ती वसतिगृहांत गेल्या काही दशकांत एक नवी व्यक्ती वावरताना दिसू लागली आहे. ती धर्मगुरू नव्हे, धर्मभगिनी नव्हे आणि शिक्षिकाही नव्हे. समाजकार्याच्या वा मानसशास्त्राच्या महाविद्यालयातून आठवड्याचे ठरावीक दिवस येणारी ती प्रशिक्षणार्थी समुपदेशक असते. तिच्याविषयी काही पालक विचारतात, की फादर आहेत, सिस्टर आहेत, मग आमच्या मुलाने परक्या माणसापाशी मन का मोकळे करावे? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर इतिहासातच शोधावे लागते. ही व्यक्ती परकी नाही, ख्रिस्तसभेने पूर्वीच ओळखलेल्या एका गरजेची ती नवी वारसदार आहे, असे आम्हांला वाटते.

साष्टीतील निवासी शिक्षणाच्या आरंभीच्या खुणा बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर येथे आढळतात. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन मिशनरी अंतोनियो दो पोर्तो यांनी तेथील लेण्यांपाशी चर्च व विद्यालय उभारले. १७३७ साली साष्टी मराठ्यांच्या ताब्यात गेली; लेण्यांच्या माथ्यावरील पडक्या भिंती आजही त्या काळाची साक्ष देतात. अनाथ बालके ख्रिस्ती संस्थांच्या हवाली करण्याविषयीच्या पोर्तुगीज राजाज्ञा त्याच शतकातल्या. अशा बालकाला अन्न, वस्त्र आणि अक्षरओळख मिळे. परंतु 'बाळा, तुला काय वाटते?' हा प्रश्न त्या राजाज्ञांत कोठेही नव्हता. हे कटू सत्य आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

पुढे १८६३ साली येशूसंघीयांनी वांद्रे येथे अनाथ मुलांसाठी संत स्तानिस्लाव संस्था सुरू केली. उपनगरांतील अनेक पिढ्या तेथे घडल्या. त्या युगातील वसतिगृहाचे जीवन घंटेवर चाले. उठणे, मिस्सा, अभ्यास, जेवण, खेळ, झोप, साऱ्यांना घंटा. शिस्त लावणारा, शिक्षा करणारा आणि मुलाचे गुपित ऐकणारा बहुधा एकच धर्मगुरू असे. माया नव्हती असे नाही. पण ज्याच्या हाती छडी त्याच्याच कानी दुःख घालणे लहान जिवाला किती अवघड, याचा विचार सहसा होत नसे.

हा विचार जगाला करायला लावणाऱ्यांत तुरीनचे संत जॉन बॉस्को अग्रभागी होते. १८७७ साली त्यांनी आपल्या प्रतिबंधक शिक्षणपद्धतीचे विवेचन प्रसिद्ध केले. विवेक, धर्म आणि ममता हे तिचे तीन आधार. शिक्षेची वेळच येऊ नये इतक्या जवळिकीने मुलांमध्ये वावरावे, हे तिचे सार. १० मे १८८४ रोजी रोमहून लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात त्यांनी आपल्याच संस्थेतील ओसरत्या जिव्हाळ्याबद्दल खंत व्यक्त केली. मुलावर प्रेम असून भागत नाही, ते त्याला जाणवलेही पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. १९२८ साली सालेशियन धर्मगुरू हीच परंपरा घेऊन मुंबईत आले. पुढे माटुंगा, बोरिवली येथे त्यांच्या संस्था उभ्या राहिल्या.

येथे एक फारशी चर्चिली न गेलेली घटना सांगितली पाहिजे. डॉन बॉस्को संस्थेचे प्रमुख होते आणि आपल्या मुलांचे पापनिवेदनही स्वतःच ऐकत. कोकणी घरांत ज्याला कुमसार म्हणतात तो हा संस्कार. परंतु त्यांच्या मृत्यूनंतर, १९०१ साली, रोमहून आज्ञा आली, की सालेशियन वरिष्ठांनी आपल्या अधिकाराखालील लोकांची पापनिवेदने ऐकू नयेत. संस्थापकाची प्रिय प्रथा मोडणे त्यांचे उत्तराधिकारी मायकल रुआ यांना सोपे नव्हते. तरी त्यांनी ती आज्ञा पाळली. १९१७ च्या धर्मविधानसंहितेने ८९१ व्या कलमात सेमिनरी व विद्यालये यांच्या प्रमुखांसाठी असाच नियम घातला. १९८३ च्या संहितेतही तो ९८५ व्या कलमात आहे. एकाच घरात राहणाऱ्या विद्यार्थ्याचे पापनिवेदन प्रमुखाने ऐकू नये. एखाद्या प्रसंगी विद्यार्थ्याने स्वखुशीने विनंती केली तरच ऐकावे. कारण उघड आहे. ज्याच्या हाती ठेवण्याचा वा काढून टाकण्याचा निर्णय, त्याच्यापुढे मन उघडताना भीती आड येते. संताच्या हातीही हे दोन अधिकार एकत्र नसावेत, हे ख्रिस्तसभेचे शहाणपण आहे.

या शहाणपणाला मुंबईत दुसऱ्या बाजूने जोड मिळाली. १९२४ च्या मुंबई बालक अधिनियमाने निराधार व गुन्ह्यात सापडलेल्या मुलांचा कायद्याने वेगळा विचार सुरू केला. १९३६ साली नागपाडा येथे, अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या नेतृत्वाखाली, सर दोराबजी टाटा यांच्या नावाचे समाजकार्य विद्यालय सुरू झाले. १९३७ साली त्याच संस्थेने बाल मार्गदर्शन केंद्र काढले. 'मूल बिघडले' असे म्हणण्याऐवजी 'मुलावर काय गुदरले' असे विचारण्याची ही शास्त्रीय सुरुवात होती. टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने पुढे प्रसिद्धी पावलेली ही संस्था १९५४ साली देवनारला स्थिरावण्यापूर्वी काही काळ आपल्या अंधेरीतच होती. १९५५ साली डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी या धर्मभगिनींनी निर्मला निकेतन हे समाजकार्य महाविद्यालय स्थापिले. वर्गातील शिक्षणाइतकेच क्षेत्रकार्याला महत्त्व देणारी ही परंपरा होय.

अंधेरीची भूमी या दृष्टीने पुण्यवान म्हटली पाहिजे. तेथेच १९४२ साली जर्मन धर्मभगिनी अ‍ॅना ह्युबर्टा रोगेनडॉर्फ यांनी 'हेल्पर्स ऑफ मेरी' हा संघ स्थापिला आणि टाकून दिलेल्या बालकांना मातेची कूस दिली. तेथेच १९६२ साली येशूसंघीय फादर रिकार्दो फ्रान्सिस्को यांनी रस्त्यावरील मुलांसाठी स्नेहसदन उभारले. शेकडो खाटांच्या एका मोठ्या दालनाऐवजी लहान लहान घरे आणि त्यांत आईबापांच्या मायेने राहणारे पालक, अशी त्याची रचना. मुलाला नावाने ओळखणारे कोणीतरी हवे, ही दोन्ही कार्यांमागची श्रद्धा.

तरुण समुपदेशक या साऱ्या प्रवाहांच्या संगमावर उभी आहे. घरच्या आठवणीने रडणारा मुलगा, अंथरूण ओले होते म्हणून कानकोंडा झालेला, भेटीच्या रविवारी ज्याच्याकडे कोणीच येत नाही असा, हे तिचे सोबती. ती गुण देत नाही, शिक्षा करीत नाही, गृहप्रमुखाकडे तक्रार नेत नाही. ती ऐकते, नोंद ठेवते आणि अनुभवी मार्गदर्शकाशी विचारविनिमय करते. तिचेही एक व्रत असते. वर्ष संपताच ती निघून जाणार असते आणि ज्याला आधीच कोणी सोडून गेले आहे त्या मुलाला हे दुसरे जाणे सहन होत नाही. म्हणून निरोपाची तारीख पहिल्या भेटीतच सांगणे हा तिच्या प्रामाणिकपणाचा भाग होय.

मात्र समुपदेशन आणि पापनिवेदन यांत गल्लत होता कामा नये. पापनिवेदनाची गुप्तता अभंग आहे. समुपदेशनाच्या गुप्ततेला मर्यादा आहे. बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाच्या २०१२ च्या कायद्यातील १९ व्या कलमाने असा गुन्हा कळताच पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक केले आहे. ही मर्यादाही मुलाला आधीच सांगावी लागते. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनीही अशा प्रकरणांची माहिती ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांना देणे धर्मगुरू व व्रतस्थांना सक्तीचे केले. जेथे जेथे संस्थेचे नाव राखण्यासाठी मुलाचा आवाज दाबला गेला, तेथे अखेर मूलही गेले आणि नावही गेले, हा अलीकडच्या जागतिक इतिहासाचा धडा आहे.

तेव्हा पालकांनी 'परके कोण आले?' असे विचारण्यापेक्षा आणखी काही विचारावे. आमच्या मुलांच्या वसतिगृहात समुपदेशनासाठी निराळी खोली आहे का? तेथे जाणाऱ्या मुलाकडे बोट दाखविले जाते का? मूल काय बोलले, असे प्रमुख समुपदेशकाला खोदून विचारतात का? पहिल्याचे उत्तर 'होय' आणि उरलेल्या दोहोंचे 'नाही' असेल, तर १९०१ साली सालेशियनांना मिळालेला धडा आपल्या उपनगरांत खऱ्या अर्थाने पोहोचला, असे म्हणता येईल. बालकांना मजकडे येऊ द्या, असे प्रभूने शिष्यांना सांगितले, तेव्हा त्यांना अडविणारे शिष्यच होते, हे आम्ही धर्मगुरूंनी विसरता कामा नये.