घरी येणारी परिचारिका

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजारी भाविकांना कम्युनियन देण्यासाठी मी घरोघर जातो. काही वर्षांपूर्वी अशाच एका घरी एक आजोबा अंथरुणाला खिळलेले होते. प्रोस्टेटच्या विकारामुळे त्यांना लघवीची नळी घातलेली होती. सून सेवेत कसूर करणारी नव्हती. चादर स्वच्छ, देह स्वच्छ. परंतु लघवीची पिशवी तिने उशाशी, खिडकीच्या गजाला अडकवली होती. खाली ठेवली तर मांजर ओढील ही तिची भीती. आजोबांना दोन दिवस थंडी वाजून ताप येत होता. पिशवी मूत्राशयाच्या वर टांगली की तिच्यातली लघवी उलटी शरीरात शिरू शकते आणि जंतूही सोबत नेते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. खरे सांगायचे तर मलाही ते ठाऊक नव्हते. इस्पितळाने दिलेल्या कागदावर ‘कॅथेटर केअर’ एवढे दोनच शब्द होते.

त्या दोन शब्दांमागचा इतिहास पाहू लागलो, तेव्हा ध्यानात आले की इतिहास एक नसून दोन आहेत. एक नळीचा, दुसरा ती नळी सांभाळण्यासाठी घरी येणाऱ्या माणसाचा. पहिला पुढे धावला, दुसरा मागे रेंगाळला.

नळी फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत नाडीयंत्रांचे वर्णन आढळते. १७५२ साली बेंजामिन फ्रँकलिन यांनी मुतखड्याने बेजार झालेल्या आपल्या भावासाठी फिलाडेल्फियातील एका रुपेकाराकडून चांदीची लवचिक नळी करवून घेतली आणि ती बॉस्टनला धाडली. कशी वापरावी हेही पत्रातून कळवले. घरच्या रुग्णाला मिळालेले मार्गदर्शन ते एवढेच. १९३० च्या दशकात अमेरिकेतील शल्यचिकित्सक फ्रेडरिक फोली यांनी टोकाशी फुगा असलेली रबरी नळी तयार केली. आत गेल्यावर फुगा पाण्याने भरला की नळी निसटत नाही. पेटंट दुसऱ्यालाच मिळाले, नाव मात्र फोलींचे राहिले. ही नळी ओढून काढू नये असे सांगतात ते याच फुग्यामुळे. त्यातले पाणी आधी काढून न घेता नळी ओढली, तर मूत्रमार्ग आतून फाटतो.

फोलींच्या नळीने रुग्णाला घरी जाणे शक्य केले. पण पूर्वी नळीचे दुसरे टोक उघड्या बाटलीत सोडलेले असे आणि काही दिवसांतच बहुतेकांच्या लघवीत जंतूंचा शिरकाव होई. नळीपासून पिशवीपर्यंतचा मार्ग बंद ठेवला तर हा शिरकाव लांबवता येतो, हे १९६६ साली कुनिन आणि मॅकॉर्मॅक यांनी दाखवून दिले. म्हणूनच जोड विनाकारण उघडायचा नसतो, पिशवी जमिनीला टेकू द्यायची नसते आणि तिची तोटी उघडण्यापूर्वी हात धुवायचे असतात. मात्र हे घरी येऊन, हात धरून शिकवणार कोण?

इथे दुसरा इतिहास सुरू होतो आणि त्याचा एक धागा आपल्या ख्रिस्तसभेत सापडतो. १६१७ साली फ्रान्समधील शातियाँ या गावी विन्सेंट दी पॉल धर्मगुरू होते. गावाबाहेरच्या एका घरातील सर्वच माणसे आजारी असल्याचे त्यांना रविवारच्या मिस्साआधी कळले. त्यांनी प्रवचनात ते सांगितले आणि दुपारी पाहतात तो त्या घराच्या वाटेवर अन्न घेऊन निघालेल्या बायांची रीघ! विन्सेंट यांना आनंद झाला, पण मनात शंकाही आली. आज एवढे अन्न की नासून जाईल. पुढच्या आठवड्यात काय? दया होती, तिला व्यवस्था नव्हती. त्यांनी पाळ्या लावून दिल्या. पुढे १६३३ साली त्यांनी व लुईज द मारिलॅक यांनी प्रेमकन्यांचा संघ स्थापिला. या भगिनी मठाच्या भिंतींआड न राहता रुग्णांच्या घरी जात. परिचारिकेला आपण आजही ‘सिस्टर’ म्हणतो, त्याचे मूळ धर्मभगिनींच्या रुग्णसेवेत आहे.

१८५९ साली लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांची पत्नी निवर्तली. तिची शुश्रूषा करणाऱ्या मेरी रॉबिन्सन या परिचारिकेला त्यांनी तीन महिन्यांसाठी गरिबांच्या घरी पाठवले. महिन्याभरातच त्या परतल्या. ते दारिद्र्य पाहवत नाही, मला मोकळे करा, म्हणाल्या. रॅथबोन यांनी त्यांची समजूत घातली, त्या पुन्हा गेल्या आणि मुदत संपल्यावर हेच काम पुढे करू लागल्या. रॅथबोन यांनी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा सल्ला घेऊन प्रशिक्षणाची शाळा काढली, शहराचे विभाग पाडले. १८८७ साली राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी निधीतून ही सेवा देशभर नेणारी संस्था उभी राहिली. १९४८ पासून ब्रिटनमध्ये घरी परिचारिका मिळणे हा राष्ट्रीय आरोग्यसेवेचा भाग झाला.

आपल्या देशात ही वाट केरळने दाखवली. कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९९३ साली वेदनाशमन व परिहार सेवेची संस्था सुरू झाली. दवाखान्यापर्यंत येऊच न शकणारे रुग्ण अनेक आहेत हे पाहून डॉक्टर-परिचारिका घरोघर जाऊ लागल्या. नंतर शेजारपाजारचे स्वयंसेवक त्यात ओढले गेले. २००८ साली राज्य शासनाने धोरण जाहीर केले आणि पंचायतींमार्फत परिचारिका नेमल्या जाऊ लागल्या. ही परिचारिका ठरल्या दिवशी येते, नळी बदलते, जखमा धुते आणि घरच्यांनाही शिकवते. केंद्र शासनाने २०१२ साली असाच राष्ट्रीय कार्यक्रम आखला, म्हणून आपल्याकडेही जिल्हा रुग्णालयात याची चौकशी अवश्य करावी. खाजगी ब्यूरोकडून बाई घ्यायची झाली, तर तिचे नाव महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदलेले आहे का, हे विचारण्यात संकोच नको. अंघोळ घालणारी मावशी प्रेमळ असेल, पण नळी बदलणे तिचे काम नव्हे.

त्या आजोबांच्या घरी संध्याकाळी मी आमच्या धर्मग्रामातील एका निवृत्त परिचारिकेला घेऊन गेलो. त्यांनी प्रथम पिशवी खाली, पलंगाच्या दांडीला अडकवली. नळीसह ताप म्हणजे वाट पाहायची नाही, असे बजावून त्यांनी त्याच रात्री डॉक्टरांना बोलावले. लघवी अचानक थांबली, नळीच्या बाजूने गळू लागली किंवा रक्त दिसले तरीही असेच करायचे, हे सुनेला समजावले. पुढची नळी किती आठवड्यांनी बदलायची हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेतले. मग दर मंगळवारी त्या येऊ लागल्या. पैसे घेत नसत, शेवग्याच्या शेंगा मात्र नेत. आजोबा त्यानंतर दीड वर्ष जगले. नळी शेवटपर्यंत होती.