मुंबईकरांची पट्टी

मावळातल्या आमच्या टाकव्यात जत्रेची पट्टी, म्हणजे वर्गणी, ठरवायला बसलं, की मुंबईकरांची पट्टी गावकऱ्यांपेक्षा जास्त लागायची. गावात राहणाऱ्याला घरटी ठरेल ती, आणि मुंबईला डबे वाहणारा असो, माथाडीत असो, तर त्याला दुप्पट. निदान माझ्या लहानपणी तरी यावरून कुणी तंटा केलेला मला आठवत नाही. मुंबईकर म्हणजे पैसेवाला, हे गावानं धरूनच चाललेलं. प्रत्यक्षात तो अंधेरी-जोगेश्वरीकडे कुठंतरी एका खोलीत आठ-दहा जणांबरोबर पथारी टाकून झोपायचा, पाळीपाळीनं भाकरी थापायचा आणि उरलेलं मनिऑर्डरनं घरी धाडायचा. गावाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण मुंबईकरालाच त्या दुप्पट आकड्याचा तोरा असे. माझे वडील पावती खिशातून काढून दोनदा वाचायचे.

वडील आणि चुलते दोघंही डब्याच्या लाइनीत. मी काही वर्षं त्यांच्या हाताखाली काढली आणि मग इकडं कारखान्यात चिकटलो. नंतर गावच्या मंडळाची वर्गणीची वही माझ्याकडं आली ती आजवर आहे. त्यामुळं या विषयात मला बोलायचा थोडा अधिकार आहे असं मी समजतो.

मावळातला माणूस मुंबईला का गेला, याचं उत्तर कान्हे फाट्यावर उभं राहिलं की दिसतं. एका बाजूला रेल्वे. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ साली पुरा झाला आणि मुंबई आमच्यापासून काही तासांवर आली. दुसऱ्या बाजूला टाकव्यावरून आत जाणारा रस्ता, वडेश्वर, सावळे, खांडीकडं, म्हणजे अख्खं आंदर मावळ. इथं पाऊस धो धो, पण पीक एकच, भात. कापणी-झोडणी उरकली की जूनपर्यंत हाताला काम नाही. त्यात १९२२ साली टाटांचं ठोकळवाडीचं धरण झालं. खोऱ्यातली खाचरं पाण्याखाली गेली आणि ते पाणी घाटाखाली भिवपुरीला वीज करायला उतरलं. वीज कुणासाठी, तर मुंबईसाठी. शेजारच्या मुळशीत सेनापती बापटांनी १९२१ पासून सत्याग्रह मांडला होता, त्याचं नाव इतिहासात राहिलं. आमच्या खोऱ्यातली माणसं मात्र बोचकं बांधून गुपचूप त्याच विजेच्या मागं मुंबईला गेली.

डब्याच्या धंद्याची सुरुवात १८९० च्या सुमाराची धरतात. महादू हावजी बच्चे या माणसानं शंभरेक गडी जमवले. एका पारशी बँकवाल्याला घरचं जेवण कचेरीत हवं होतं, त्यातून हे निघालं असं सांगतात. पुढं मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर, मुळशी या पट्ट्यातली माणसं एकमेकांचा हात धरून तिथं गेली. डबे कसे पोचतात, झाकणावरच्या खुणा कशा वाचतात, यावर परदेशी विद्यापीठांनी भरपूर लिहिलंय. इंग्लंडचा युवराज २००३ साली चर्चगेटला येऊन पाहून गेला आणि २००५ मध्ये त्याच्या लग्नाला आपली दोन माणसं जाऊन आली. ते सगळं छान आहे. माझ्या मते त्या धंद्यातली खरी गोष्ट वेगळी होती, ती पैशाच्या वाटपाची. गटातला एकजण सायकलवर डबे गोळा करतो, दुसरा लांबलचक लाकडी पेटी डोक्यावर घेऊन लोकलच्या मालडब्यात शिरतो, तिसरा नुसता स्टेशनावर वर्गवारी करतो. पण महिन्याअखेरी गिऱ्हाइकांचे पैसे एकत्र करायचे, गाडीचा पास, सायकलदुरुस्ती, हातगाडीचा खर्च वजा घालायचा आणि उरेल ते सारखं वाटायचं. म्हातारा आणि पोरगा, दोघांना तेवढंच. मुकादमाला मान असतो, पण तोही स्वतः पेटी उचलतो.

अशा माणसाला वर्गणी शिकवावी लागत नाही. त्याची कमाई त्याच्या हातात येण्याआधी सगळ्यांची झालेली असते. त्यातून अजून थोडं बाजूला काढलं तर त्याला ते गेल्यासारखं वाटत नाही.

पैसा-पैसा जमवून मोठं काही करायचं, याचा एक नमुना आमच्या तालुक्यात डबेवाल्यांच्या फंडाच्या आधीच उभा होता. तळेगाव दाभाड्याला. अंताजी दामोदर काळे नावाचे गृहस्थ, त्यांनी कल्पना काढली की देशातल्या प्रत्येकानं नुसता एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी धंदे काढायचे. टिळकांनी तिला पाठिंबा दिला, गावोगाव पेट्या फिरल्या आणि १९०८ साली तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. काचेचं शास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथं भट्टी सांभाळायला आले आणि महाराष्ट्रातली पोरं तिथं काच फुंकायला शिकली. आमची जुनी माणसं बाजारासाठी तळेगावला जायची ती त्या चिमणीकडं बोट दाखवायची, की यात आपलाही पैसा आहे. खरंच होता की नाही, देव जाणे. पण बोट दाखवायचा हक्क त्यांना मिळाला होता हे नक्की.

डबेवाल्यांचा फंड असा भाषणांतून जन्मला नाही. नूतन मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स चॅरिटी ट्रस्ट १९५६ साली नोंदला गेला. नावात चॅरिटी आहे, हे मला नेहमी मजेशीर वाटत आलंय. ज्यांच्या घरची शिधापत्रिका पिवळी, त्यांचा धर्मादाय न्यास! पण तो खरोखर तसाच चालला. दर महिन्याला माणशी ठरलेली रक्कम जमा होई आणि तिच्यातून देवस्थानांच्या गावी धर्मशाळा उभ्या राहिल्या. आळंदीची आमच्या भागात सगळ्यांना माहीत. टाकव्यातल्या कित्येक घरांची कार्तिकी तिथं गेली आहे, पंगती उठल्यात. जुने डबेवाले याचं मूळ गाडगे महाराजांच्या कीर्तनात सांगतात. गाडगेबाबांनी पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा बांधली, इतरत्रही बांधल्या, आणि स्वतःला त्यातला एक कोपराही ठेवला नाही. मुंबईत इस्पितळांत येणाऱ्या गरिबांच्या नातेवाइकांना पथारी टाकायला जागा नसते, हेही त्यांनीच ओळखलं होतं. १९५६ च्या डिसेंबरात बाबा गेले. ट्रस्टही त्याच सालचा. मी यातून काही जोडून दाखवत नाही, साल जुळतं एवढंच.

आता थोडं वाकडं बोलतो. माझे चुलते अठ्ठावीस-तीस वर्षं पेटी वाहत होते. मानेचे मणके गेले, डावा हात वर जाईना. त्यांनी ज्या धर्मशाळांना आयुष्यभर वर्गणी दिली, त्यांत ते वारीला दोन रात्री झोपले असतील. मुंबईत त्यांचं घर कधीच झालं नाही. औषधपाण्याचं काय? त्यासाठी फंड नव्हता, माणसं होती. खोलीतल्यांनी काढून दिले, मुकादमानं आगाऊ उचल दिली, गावच्या मंडळानं थोडे घातले. कुणी मुंबईत वारला तर मयत गावी आणायच्या गाडीचे पैसे एका रात्रीत जमायचे, आणि ते कुठंही लिहिले जायचे नाहीत. मी वही हातात घेतली तेव्हा पहिल्यांदा हेच शोधलं. सभामंडपाच्या फरशीला कुणी किती दिले ते सगळं होतं. चैत्रात जत्रेसाठी मुंबईचे डबे चार-पाच दिवस बंद ठेवून गडी गावी येत, त्या जत्रेच्या तमाशाची सुपारीसुद्धा होती. आजारपणाला दिलेल्या पैशाचं एक पानही नव्हतं. विचारलं तर मुकादम म्हणाले, ‘‘आरं, ते का लिहायचं असतं? उद्या त्याच्या पोराच्या डोळ्याला पडलं तर?’’

त्यांचं म्हणणं मला पटलं होतं. अजूनही अर्धं पटतं.

पण न लिहिलेल्या मदतीची गोम अशी, की ती ओळखीपुरतीच पोचते. ज्याचा गट मोठा, ज्याच्या गावचे जास्त गडी, त्याला जास्त. आंदर मावळातल्या आतल्या वाडीवरचा एकटा पोरगा आजारी पडला तर तो बोचकं घेऊन गावी परत यायचा आणि त्याची जागा दुसरा घ्यायचा. आणि बायकांचं तर विचारूच नका. गावी राहून आवणी, बेणणी, सासू-सासरे, गुरं असा सगळा भार वाहणाऱ्या माझ्या आईच्या नावानं एकही पावती नाही. वडिलांची दुप्पट पट्टी तिच्या पोटातून गेली होती, हे मला फार उशिरा कळलं.

डबेवाल्यांच्या देण्याला मुंबईत वेगळी दिशा मिळाली ती २०१५ साली, रोटी बँक निघाली तेव्हा. लग्नात, पार्टीत उरलेलं चांगलं अन्न कुणी फोन करून कळवायचं आणि आपल्या माणसांनी ते उचलून फुटपाथवरच्यांना, परळच्या मोठ्या इस्पितळांबाहेर झोपणाऱ्या रुग्णांच्या माणसांना पोचवायचं. पैसा लागत नाही, पाय लागतात, आणि पाय आपल्याकडं होतेच. तेव्हा रोज सुमारे दोन लाख डबे वाहणाऱ्या माणसांना एक फेरी वाढली तर काय! माझा भाचा त्यात जायचा. तो म्हणायचा, मामा, कचेरीतला माणूस डबा घेतो तेव्हा आपल्याकडं बघत नाही, तिथं बघतात.

मग २०२० चा मार्च आला, करोनाची टाळेबंदी आली. कचेऱ्या बंद, लोकल बंद. एकशे तीस वर्षं चालत आलेले डबे थांबले. माणसं मिळेल त्या वाटेनं गावी आली. इथं येऊन बघतात तर ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ मावळावरून गेलं. पत्रे उडाले, कौलं फुटली, विजेचे खांब आडवे. मुंबईची कमाई गेली आणि गावचं छप्परही. भाताचं बियाणं घ्यायला पैसे नाहीत अशी माणसं मी पाहिली, ज्यांच्या नावाच्या पावत्या माझ्या वहीत सलग वीस-वीस वर्षं आहेत.

तेव्हा देणारे हात बदलले. मुंबईतल्या संस्था, ज्यांनी वर्षानुवर्षं डबा खाल्ला ती गिऱ्हाइकं, सगळ्यांनी दिलं. पुढं एचएसबीसी बँकेनं डबेवाल्यांसाठी १५ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. धान्याचे किट आले: तांदूळ, डाळ, तेल, साखर, चहापत्ती. मावळातल्या माणसाला तांदूळ दान म्हणून घ्यावा लागला! ज्या वडगावच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली इंद्रायणी तांदूळ बाहेर पडला, ते इथून हाकेच्या अंतरावर. भाच्यानं किट घेतलं, पण रांगेत तोंडाला रुमाल होता म्हणून बरं झालं, असं म्हणाला. एका ठिकाणी पिशवी हातात देताना फोटो काढायची अट होती. ती कुणाची होती ते सांगत नाही, त्यांनीही चांगल्या मनानंच दिलं असेल. पण रोटी बँकेचं अन्न देताना फुटपाथवरच्या बाईचा फोटो आपल्या पोरांनी काढला होता का, असं मी भाच्याला विचारलं. तो गप्प बसला. मग म्हणाला, काढले होते की.

ऑक्टोबरात डबेवाल्यांना लोकलमध्ये परवानगी मिळाली, पण कचेऱ्या घरून चालू होत्या. पुष्कळ गडी मुंबईला परतलेच नाहीत. आमच्याकडं टाकव्याच्या कारखान्यांत ठेकेदाराकडं लागले, कुणी रिक्षा घेतली, कुणी डोंगरात पोल्ट्री टाकली. जे राहिले त्यांच्यासाठी २०२४ साली सरकारनं २५ लाखांत पाचशे चौरस फुटांचं घर अशी घोषणा केली. चुलते हयात असते तर त्यांनी आधी विचारलं असतं, पंचवीस लाख म्हणजे पट्टी किती वर्षांची?

या वर्षी जत्रेच्या बैठकीत मी दोन ठराव मांडले. मुंबईकराची पट्टी गावकऱ्याएवढीच करा, कारण आता गावात जमीन विकलेला माणूस त्याच्यापेक्षा पैसेवाला आहे. आणि जमेल त्यातला चौथा हिस्सा आजारपणासाठी वेगळ्या खात्यात टाका, नाव न लिहिता, नुसता आकडा लिहून. दुसरा ठराव लगेच मंजूर झाला. पहिल्यावर तासभर वाद झाला. विरोध कुणी केला, तर मुंबईहून मुद्दाम आलेल्या चौघा डबेवाल्यांनी. आमची पट्टी कमी करायची नाही, म्हणाले. गावाला वाटेल मुंबईकर संपले.

मग दुप्पट पट्टी तशीच कायम ठेवली. त्या चौघांतल्या दोघांनी जागेवर पैसे मोजले, दोघं दिवाळीचा बोनस मिळाला की देणार आहेत. त्यांची नावं वहीत पेन्सिलीनं लिहिली आहेत.