शरदऋतूत कलकत्त्यास का जावे?

गतवर्षीच्या वार्षिक मेळाव्यात पंगती उठल्यावर काही मंडळी सुपारी कातरीत बसली असता सुटीत कोठे जावे हा विषय निघाला. कोणी महाबळेश्वर म्हणाले, कोणी गोवा. एका तरुण ज्ञातिबांधवांनी तर सिंगापूरचे नाव घेतले. मी म्हणालो, "दिवाळीची वाट कशास पाहता? तीन आठवडे आधी, ऐन नवरात्रात, सहकुटुंब कलकत्त्यास जाऊन या." मंडळी हसली. घरी घट बसलेले असताना कोणी घर सोडून जाते काय, असे एका वडीलधाऱ्या वहिनींनी विचारले आणि विषय तेथेच राहिला. यंदा स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा तो अर्धवट राहिलेला विषय पुरा करावा असे मनात आले. घट ज्या घरी बसतात तेथे कोणीतरी राहिलेच पाहिजे, हे मला मान्य आहे. आमचे घट थोरल्या बंधूंकडे असतात, म्हणून सेवानिवृत्तीनंतर मला हा प्रवास करता आला. शहराचे सरकारी नाव २००१ सालापासून कोलकाता असे झाले आहे. परंतु माझ्या जिभेस जुने वळण पडले आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

कलकत्ता पाहावयाचे ते शरदातच. वैशाख-ज्येष्ठात तेथील उकाडा सोसत नाही आणि आषाढ-श्रावणात रस्त्यांतून पाणी वाहते. आश्विन उजाडला म्हणजे आकाश निवळते, शहराबाहेरच्या ओलसर माळांवर काशाचे पांढरे तुरे डोलू लागतात, आणि अंगणाअंगणात शिउलीचा, म्हणजे आपल्या पारिजातकाचा, सडा पडतो. मात्र छत्री बरोबर असू द्यावी. परतीचा पाऊस देवीलाही सोडीत नाही. पंचांग त्यांचे व आपले एकच आहे, पण त्याचा उपयोग निराळा. आपली सर्वपित्री अमावास्या ती त्यांची महालया. त्या पहाटे आकाशवाणीवरून 'महिषासुरमर्दिनी' हा कार्यक्रम लागतो, आणि १९३० नंतरच्या दशकापासून तो ऐकण्यासाठी घरोघर माणसे अंधारात उठून बसतात. कुमारटुली नावाच्या कुंभारवाड्यात बांबू, पेंढा व गंगेची माती यांच्या मूर्ती तयार होतात, आणि महालयेच्या दिवशी देवीचे डोळे रंगविण्याची रीत आहे. षष्ठीपासून दशमीपर्यंत सारे शहर रस्त्यावर असते. आपण ज्या दशमीस सीमोल्लंघनास निघतो, त्या दशमीस त्यांच्या घरची लेक माहेर संपवून सासरी, कैलासास, परत जाते. देवी म्हणजे चार दिवस माहेरपणास आलेली मुलगी, ही कल्पना मनात ठेवूनच तो उत्सव पाहावा. २०२१ साली युनेस्कोने कलकत्त्याच्या दुर्गापूजेस मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

परंतु नुसती रोषणाई पाहावयाची तर त्यासाठी दोन रात्रींचा आगगाडीचा प्रवास करा, असे मी कोणासही सांगितले नसते. मराठी माणसाने या ऋतूत तेथे जावे याचे माझ्या मते खरे कारण इतिहासात आहे, आणि ते सर्वस्वी अभिमानाचे नाही. मी इयत्ता सातवीस व आठवीस कित्येक वर्षे इतिहास शिकविला. अटकेपार झेंडे नेल्याचा पाठ आला की माझा आवाज आपोआप चढत असे. बंगालच्या स्वाऱ्यांस मात्र मी एक वाक्य देत असे : 'नागपूरकर रघूजी भोसल्यांनी बंगालवर स्वाऱ्या करून चौथाई मिळविली.' मुले ते वहीत उतरवून घेत, दोन गुण मिळवीत आणि विसरून जात. मीही विसरत असे.

त्या एका वाक्यात काय दडले होते ते असे. १७४२ च्या एप्रिलात रघूजींचे दिवाण भास्करराम कोल्हटकर, ज्यांस बंगालात भास्कर पंडित म्हणतात, मोठे घोडदळ घेऊन बर्दवानजवळ उतरले. त्या वेळी बंगाल, बिहार व ओरिसा यांवर नबाब अलिवर्दीखानाचा अंमल होता. मे महिन्यात मराठ्यांनी त्याच्या राजधानीवर, मुर्शिदाबादवर, धाड घालून जगतशेटाची पेढी लुटली, आणि पुढे भागीरथीकाठी काटवा येथे तळ देऊन पावसाळा काढला. आश्विन आला तेव्हा भास्कररामांनी काटव्याजवळ दाईंहाट येथे दुर्गापूजा मांडली. तिचा खर्च आसपासच्या जमीनदारांकडून वसूल केला होता असे बंगाली ग्रंथ सांगतात. तिकडे अलिवर्दीखानाने नावांचे पूल बांधून रात्रीत नदी ओलांडण्याचा बेत केला. अजय नदीवरील पूल मध्येच तुटून त्याचे काही शिपाई बुडाले, तरी तो थांबला नाही. इंग्रजांच्या त्या काळच्या पंचांगाप्रमाणे २७ सप्टेंबर, म्हणजे नवमीच्या पहाटे, त्याने छावणीवर छापा घातला. मराठे बेसावध होते. सामानसुमान टाकून त्यांना निघावे लागले आणि पूजा अपुरी राहिली. नवरात्राचे उद्यापन न होता देवीसमोरून उठावे लागणे म्हणजे काय, हे आपल्या घरांतील स्त्रियांस सांगावयास नको.

येथवर ही लढाईची हकीकत झाली. पण त्या स्वाऱ्या जवळजवळ दहा वर्षे चालल्या. १७४३ साली तर खुद्द नानासाहेब पेशवे बादशहाच्या बाजूने बंगालात उतरले आणि त्यांनी रघूजींना हुसकून लावले. मराठ्यांवर मराठे, हे दृश्यही त्या भूमीने पाहिले. १७४४ च्या मार्चअखेर अलिवर्दीखानाने तहाच्या मिषाने भास्करराम व त्यांचे सरदार यांना मानकरा येथील तंबूत बोलावून ठार मारविले. हा विश्वासघात आम्ही आवेशाने सांगतो, आणि तो खराच आहे. परंतु गावोगाव काय झाले ते आम्ही सांगत नाही. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने १७५१ च्या सुमारास 'महाराष्ट्र पुराण' नावाचे काव्य रचले. नाव वाचून आपणांस आनंद होईल. मलाही प्रथम झाला होता. आत मात्र गावे जाळल्याची, लोकांचे हात-नाक कापल्याची, स्त्रियांवर अत्याचार झाल्याची वर्णने आहेत. बर्दवानच्या राजाश्रयातील पंडित बाणेश्वर विद्यालंकार यांनी १७४४ साली लिहिलेल्या 'चित्रचम्पू' या संस्कृत ग्रंथातही मराठी सैन्याच्या निर्दयपणाची तक्रार आहे. कवी अतिशयोक्ती करतात, हे धरून चाललो तरी दोन निरनिराळ्या भाषांत, एकाच काळात, एकच आक्रोश उमटावा हे दुर्लक्षिण्याजोगे नाही. विणकर, ब्राह्मण, कायस्थ, कुणबी असे सर्व थरांचे लोक नदीपलीकडे पूर्वेस पळाले. अखेर १७५१ च्या तहाने ओरिसाचा वसूल व वार्षिक बारा लक्ष रुपये चौथाईपोटी मिळाले. माझ्या वहीतले वाक्य ते हे.

आपल्या लष्करात ज्यास सरकारचा घोडा मिळे तो बारगीर, आणि स्वतःचा घोडा आणी तो शिलेदार. बारगीर हा शब्द बंगालीत जाऊन 'बर्गी' झाला. तो आजही तेथील अंगाईगीतात आहे. आपण मुलांना बागुलबुवाची भीती घालतो, तशी त्यांनी आपली घातली.

कलकत्त्यास ही हकीकत डोळ्यांनी पाहता येते, म्हणून तेथेच जावयाचे. १७४२ साली बर्गींच्या भीतीने तेथील रहिवाशांनी इंग्रज कंपनीची परवानगी घेऊन वस्तीभोवती खंदक खणावयास घेतला. सात मैलांचा बेत होता. सहा महिन्यांत सुमारे तीन मैल खणून झाले, आणि बर्गी शहरापर्यंत आलेच नाहीत तेव्हा काम सोडून दिले. गंमत अशी की, १७५६ साली सिराजउद्दौला शहरावर चालून आला तेव्हा या खंदकाने त्यास अडविले नाही. १७९९ साली त्याचा बराच भाग बुजवून सर्क्युलर रोड करण्यात आला. आज त्याच मार्गास आचार्य प्रफुल्लचंद्र राय व आचार्य जगदीशचंद्र बोस यांची नावे आहेत. ज्या भीतीच्या खळग्यावर पुढे दोन शास्त्रज्ञांची नावे आली, त्या रस्त्याने पायी जाताना मनात काय येते ते मी येथे लिहीत नाही. उत्तरेस बागबाजारात मात्र एका गल्लीचे नाव अद्याप 'मराठा डिच लेन' असेच आहे. गल्ली साधी आहे, पाहण्यासारखे असे तेथे काही नाही. मी अर्धा तास तेथे उभा होतो.

बागबाजारातील सार्वजनिक पूजा १९१९ पासूनची आहे. पूर्वी पूजा श्रीमंतांच्या वाड्यात होई. शोभाबाजारच्या राजा नवकृष्ण देव यांनी प्लासीच्या लढाईनंतर, १७५७ साली, आपल्या वाड्यात थाटाची पूजा केली आणि तीस क्लाइव्ह पाहुणा म्हणून आला होता, अशी परंपरा सांगतात. तो वाडा व तेथील पूजा आजही पाहावयास मिळते. ठाकुरदालनातील कमानी अवश्य पाहाव्या. पुढे वाड्यातील देवी चौकात आली. आपल्याकडे लोकमान्यांनी गणपतीस १८९३-९४ च्या सुमारास घरातून चौकात आणले, ते ज्यांस ठाऊक आहे त्यांस हे निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही.

लोकमान्यांचे नाव आले, म्हणून या प्रवासाचे दुसरे आणि मला अधिक महत्त्वाचे वाटणारे कारण सांगतो. देवघरजवळ राहणाऱ्या एका मराठी घराण्यात १८६९ साली सखाराम गणेश देउस्कर यांचा जन्म झाला. मायबोली मराठी, पण लेखणी बंगाली. इंग्रजी राज्यात देशाची लूट कशी झाली ते आकड्यांनिशी दाखविणारा त्यांचा 'देशेर कथा' हा ग्रंथ १९०४ साली निघाला. १९१० साली सरकारने तो जप्त केला. याच देउस्करांच्या खटपटीने १९०२ साली कलकत्त्यात शिवाजी-उत्सव सुरू झाला, आणि १९०४ साली रवींद्रनाथ ठाकुरांनी 'शिवाजी-उत्सव' ही कविता लिहिली. ज्या प्रांताच्या अंगाईत बर्गी, त्याच प्रांताच्या महाकवीने छत्रपतींवर काव्य लिहावे! पुढल्या वर्षी कर्झनसाहेबांनी बंगालची फाळणी अमलात आणली, तो दिवस १६ ऑक्टोबर १९०५. शरदऋतूच तो. त्या दिवशी पुष्कळ घरांत चूल पेटली नाही; लोक गंगास्नान करून एकमेकांच्या हातांस राख्या बांधीत रस्त्याने गेले, आणि त्यांत रवींद्रनाथ होते. १९०६ च्या जूनमध्ये तेथील शिवाजी-उत्सवास लोकमान्य टिळक स्वतः गेले तेव्हा कलकत्तेकरांनी त्यांचे प्रचंड स्वागत केले. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा हिशेब त्यांनी काढला असता तर आपण काय उत्तर देणार होतो?

हिशेब कोणी काढलाच नाही असे नव्हे. पण तो काढणारे सर जदुनाथ सरकार होते. बंगालवरील स्वाऱ्यांची हकीकत त्यांनी कोणाची भीड न धरता लिहिली, आणि आपले रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याशी त्यांचा स्नेह जन्मभर टिकला. दोघांनी मिळून पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचे संपादन केले. १९५८ साली एक गेले, १९५९ साली दुसरे. जदुनाथांचे कलकत्त्यातील घर आता संग्रहालय म्हणून जतन केलेले आहे.

प्रवासासंबंधी दोन शब्द. मुंबई-हावडा गाडी नागपूर, रायपूर, बिलासपूर, खरगपूर या मार्गाने जाते. ढोबळमानाने भोसल्यांच्या फौजा गेल्या त्याच दिशेने. तिकिटे बरीच आधी न काढल्यास पूजेच्या दिवसांत मिळत नाहीत. सप्तमी-अष्टमीस वृद्धांनी रात्री न निघता पहाटे पाच वाजता मंडप पाहावे. हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे. आमचा मुक्काम मुलाकडे होता. तो तेथे एका बँकेत नोकरीस आहे आणि कामापुरती बंगाली बोलतो.

विजयादशमीस विसर्जन झाल्यावर सायंकाळी तेथे लहानांनी मोठ्यांच्या पाया पडण्याची आणि बरोबरीच्यांनी आलिंगन देण्याची पद्धत आहे. शेजारच्या घरी आम्हांस बोलाविले होते. घरातील आजींचे वय पंच्याऐंशीच्या पुढे असेल. आम्ही महाराष्ट्रातून आलो असे मुलाने सांगताच त्या हसून म्हणाल्या, "म्हणजे बर्गी!" त्यांच्या सुनेस संकोच वाटला, ती काही बोलू लागली, पण आजींनी तिला हातानेच थांबविले आणि माझ्या हातावर नारळाचा लाडू ठेवला. मी तो हातात घेऊन तसाच बसलो. वास्तविक माझ्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ होते, दाईंहाट होते, मानकरा होते. एक शब्द फुटला नाही.

आमच्या सौभाग्यवतींनी गावाहून आपट्याची पाने ओल्या फडक्यात गुंडाळून नेली होती. त्यांनी उठून दोन पाने आजींच्या हातात दिली आणि नमस्कार केला. हे काय, असे आजींनी विचारले. "सोने," सौभाग्यवती म्हणाल्या, "आमच्याकडे दसऱ्याला सोने लुटतात." मुलगा भाषांतर करीत होता. 'लुटतात' या शब्दापाशी तो क्षणभर थांबला, माझ्याकडे त्याने एकवार पाहिले, आणि आजींना बंगालीत सांगितले की, आमच्याकडे या दिवशी एकमेकांना सोने देतात. आजींनी ती पाने डोळ्यांस लावली व उठून, देवघरातील रिकाम्या झालेल्या चौरंगावर ठेवली.